विज्ञानपटाला एक थाप माफ

प्रश्न पाचोऱ्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "काका, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'इंटरस्टेलर' पुन्हा लागला तेव्हा मित्रांबरोबर पुण्याला जाऊन आयमॅक्समध्ये पाहिला आणि डोकं भणाणून गेलं. तेव्हापासून मिळेल तो सायन्स फिक्शन बघतोय, पण निम्मे डोक्यावरून जातात आणि निम्मे बघून फसवल्यासारखं वाटतं. अलीकडचे बघण्यासारखे कोणते? त्यातलं विज्ञान किती खरं धरायचं? टॉकीजमध्येच बघावेत की मोबाईलवर चालतील? आणि आम्ही मित्र मिळून पंधरा मिनिटांची सायन्स फिक्शन शॉर्टफिल्म करायची म्हणतोय. आपल्या भागात ते जमेल का?"

भाऊ, आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी टॉकीजच्या केबिनमधला माणूस. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायच्या काळात या धंद्यात आलो. मग झेनॉनचे दिवे आले, मग सिनेमा सॅटेलाइटवरून उतरायला लागला, आणि आता जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात प्रोजेक्टर आणि साउंडची दुरुस्ती करत फिरतो. मी समीक्षक नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच. पण एकच सिनेमा दिवसाला चार खेळ, आठवडाभर, केबिनच्या चौकोनी काचेतून पाहिला की पब्लिक कुठे श्वास रोखतं आणि कुठे विडी ओढायला बाहेर पडतं ते पाठ होतं. विज्ञानपटांना बाहेर पडणारे जास्त. त्यांचं काय बिनसतं यावर मी बराच विचार केलाय.

माझी कसोटी सोपी आहे. विज्ञानपटाला एक थाप माफ. एकच. मेलेला माणूस मशीनमधून पुन्हा छापून काढता येतो म्हणालात, ठीक. वाळूच्या पोटात डोंगराएवढा किडा राहतो म्हणालात, तेही ठीक. तिकीट काढलं तेव्हाच ती थाप आपण पदरात घेतलेली असते. पण त्यानंतर त्या थापेचा हिशेब दिग्दर्शकाने शेवटपर्यंत चोख ठेवला पाहिजे. किडा पावलांच्या ठेक्याला धावून येतो असं पहिल्या तासात सांगितलं, तर शेवटच्या तासात हिरोने वाळूवर धाडधाड पळून सुटता कामा नये. अडचण आली की नवी थाप, ही खोड ज्या सिनेमाला लागली तो मध्यंतरानंतर कोसळतो, मग त्याच्या सल्लागारांत कितीही डॉक्टरेटवाले असोत. तुला फसवल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा याचमुळे. विज्ञान चुकलं म्हणून कोणी उठून जात नाही, शब्द फिरवला की जातात.

तू पाहिलेल्या 'इंटरस्टेलर'पासूनच सुरुवात करू. तो मुळात 2014 चा, पण 7 फेब्रुवारी 2025 ला आपल्याकडे पुन्हा लागला आणि तुझ्या वयाच्या पोरांनी नव्या सिनेमासारखी गर्दी केली. त्याच्यामागे किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ होते, ज्यांना पुढे 2017 मध्ये गुरुत्वलहरींच्या कामासाठी नोबेल मिळालं. त्यांनी समीकरणं लिहून दिली आणि डबल निगेटिव्ह या इफेक्ट्स कंपनीने त्यावरून प्रकाशकिरणांची वाट काढणारा प्रोग्रॅम बनवला. एकेका फ्रेमला कधी कधी शंभर तास लागले. म्हणजे ते कृष्णविवर कुणा चित्रकाराच्या मनातून आलेलं नाही. मधल्या काळ्या गोळ्याच्या वर आणि खाली जी उजेडाची कमान दिसते, ती खरं तर कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूच्या तबकडीच्या पाठीमागच्या भागाची आहे. गुरुत्वामुळे प्रकाश वाकतो, म्हणून मागचा भाग डोक्यावरून आणि पोटाखालून पुढे दिसतो. या कामावर 2015 मध्ये रीतसर शोधनिबंध छापून आला.

आता बारकाईची गोष्ट. तबकडीतला वायू प्रचंड वेगाने फिरतो. त्यामुळे आपल्याकडे येणारी बाजू झगझगीत आणि निळसर दिसायला हवी, लांब जाणारी मंद आणि लालसर. प्रोग्रॅममध्ये तसं चित्र निघालंही होतं. पण एक बाजू जवळजवळ अंधारात जाते आणि प्रेक्षक गोंधळतो, म्हणून सिनेमात तो फरक काढून टाकला. पुढे 10 एप्रिल 2019 ला एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं छायाचित्र जगासमोर आलं. ते नीट बघ. कड्याची एक बाजू ठळकपणे जास्त उजळ आहे. सिनेमाने जे झाकलं ते दुर्बिणीने दाखवलं. विज्ञान किती खरं धरायचं असं विचारतोस ना, त्याचं उत्तर या एका चित्रात आहे. पाया खरा, आणि डोळ्यांच्या सोयीसाठी केलेली दुरुस्ती उघडपणे सांगितलेली. इतका प्रामाणिकपणा मिळाला तरी पुष्कळ झालं.

त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हीही थाप वाटते, पण नाही. त्यासाठी ग्रह कृष्णविवराच्या अगदी जवळ असावा लागतो आणि ते जवळजवळ कमाल वेगाने फिरत असावं लागतं, एवढीच अट. वेळ खरोखरच कमी-जास्त वेगाने जातो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ते आधीच धरून दुरुस्त केलेलं असतं. रावेरहून दिल्लीला निघालेला केळीचा ट्रक मालकाच्या मोबाईलवर ठिपका होऊन सरकतो, त्यात आइन्स्टाइन बसलेला असतोच. मला खटकतं ते प्रेमाबद्दलचं भाषण. हिरो शेवटी मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो, तो भाग मात्र मी चालवून घेतो, कारण पुस्तकं पहिल्याच भागात पडायला लागलेली असतात. म्हणजे उसनवारी आधीच नोंदवलेली आहे. आणि जाता जाता, त्या सिनेमासाठी कॅनडात खरोखर 500 एकर मका लावला आणि शूटिंगनंतर विकलाही. विज्ञानपट काढून वर शेतीत पैसे सुटले, असं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

'ड्यून'चे दोन्ही भाग, 2021 आणि 2024, माझ्या यादीत सगळ्यात वर. बरेच लोक म्हणतात, फार संथ आहे, नावं लक्षात राहत नाहीत. नावं मलाही राहत नाहीत. पण खानदेशातल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागू नये. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी बारानंतर रस्त्यावर कोण दिसतं? पाणी हेच चलन असलेलं ते वाळवंटी ग्रहाचं जग आपल्याला कल्पनेने उभं करावं लागत नाही. पहिल्या भागात राजवाड्याच्या अंगणात खजुराची झाडं आहेत. माळी सांगतो की एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. झाडं वीस. म्हणजे शंभर माणसांचं पाणी, आणि भिंतीबाहेर लोक तहानलेले. हा प्रसंग चालू असताना मी साउंड तपासायला हॉलमध्ये उभा होतो. मागच्या रांगेतून एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "आमना गावमा बी आसंच शे भो!" यावल-रावेरकडे केळीचे बाग हिरवेगार आहेत आणि बोअर दरवर्षी आणखी खोल जातात, हे ज्याने पाहिलंय त्याला त्या वीस झाडांचा अर्थ समीक्षकापेक्षा लवकर कळतो.

आता धंद्यातल्या नजरेने. दुसऱ्या भागात खलनायकाच्या ग्रहावरच्या आखाड्याचा प्रसंग काळा-पांढरा आहे. तो नंतर रंग काढून केलेला नाही. कॅमेऱ्यात बदल करून इन्फ्रारेडमध्ये चित्रित केलाय. म्हणून माणसांची कातडी मेणासारखी पांढरी फटक दिसते आणि डोळे भलतेच वाटतात. त्या ग्रहाचा सूर्य काळा, तर त्याच्या उजेडात माणूस कसा दिसेल, हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर भौतिकशास्त्रातून काढलंय. थाप एक, हिशेब पूर्ण. तिथे पब्लिक चिडीचूप होतं. आणखी एक. वाळवंटातल्या प्रसंगांसाठी नेहमीचे हिरवे-निळे पडदे न लावता वाळूच्या रंगाचे पडदे लावले. हिरव्या पडद्याची झाक नटाच्या गालावर पडते आणि मग कितीही धुवा, चेहरा त्या जागेचा वाटत नाही. वाळूरंगी पडद्याची झाक म्हणजे वाळूचीच झाक. आणि पहिल्या भागाची तर गंमतच आहे. चित्रण डिजिटल, पण नंतर ते 35 मिमी फिल्मवर उतरवलं आणि पुन्हा स्कॅन करून डिजिटल केलं, फक्त त्या पोताच्या मऊपणासाठी. ज्या फिल्मचे डबे आम्ही भंगारात जाताना पाहिले, तिच्यातून फेरी मारून आलेला सिनेमा हार्डडिस्कवर बघताना केबिनवाल्याला काय वाटत असेल ते तुला नाही कळणार, असो. तक्रार एकच. दुसऱ्या भागाचं शेवटचं युद्ध फार पटकन उरकलंय.

'कल्की 2898 एडी' वर आपल्याकडे भांडणं झाली, म्हणून जरा थांबून बोलतो. जून 2024 मध्ये लागला तेव्हा पहिले दोन आठवडे आमची झोप उडाली होती. त्याचं काशीचं जग, आटलेली गंगा, वर तरंगणारं श्रीमंतांचं कॉम्प्लेक्स, यातलं बरंच इकडून-तिकडून घेतलेलं दिसतं आणि पहिला अर्धा भाग विनोदापायी रेंगाळतो. हिरोची ती बोलकी गाडी, बुज्जी, महिंद्राच्या मदतीने खरोखर चालणारी, सहा टनांची बनवली, हे मला आवडलं. वजनदार वस्तू वळताना जशी वळते तशी ती वळते. पण त्या सिनेमात खरा जीव आहे तो अश्वत्थाम्यात.

पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला अश्वत्थामा म्हणजे महाभारतातलं एक पात्र. आपल्याकडे तसं नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे सातपुड्यात अस्तंबा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते, आदिवासी बांधव आणि गुजरात-मध्य प्रदेशातलेही लोक रात्रभर चढून जातात. अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, तो अजून या डोंगरात फिरतो आणि कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागतो, ही श्रद्धा. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडावरही त्याच्याच गोष्टी सांगतात. त्यामुळे शहाद्याच्या पडद्यावर मळक्या चिंध्या गुंडाळलेला आठ फुटी म्हातारा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा शिट्ट्या वाजल्याच नाहीत. पुढच्या रांगेतल्या काहींनी हात जोडले. सहा हजार वर्षं न मरता जगलेला माणूस, ही त्या सिनेमाची एकमेव माफ करायची थाप. तिचा हिशेब अमिताभ बच्चन चोख ठेवतात. दमलेलं शरीर, कशाचंच नवल न वाटणारे डोळे, शब्द तोलून बोलणं. बाकीचा सिनेमा मात्र दर वीस मिनिटांनी नवी थाप काढतो. किरणांची बंदूक, मग ढाल, मग दैवी धनुष्य, आणि कोण कशाने मरतो त्याचा नियमच कळत नाही. तरी एकदा बघ, अश्वत्थाम्यासाठी बघ. त्याचा खर्च 600 कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. चांद्रयान-3 साधारण 615 कोटींत चंद्रावर उतरलं. मी काही म्हणत नाही.

पैशाचा विषय निघालाच तर 'कार्गो' बघ. आरती कडव यांचा हिंदी सिनेमा, 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. आपल्याकडच्या टॉकीजला लागलाच नाही, मी घरीच पाहिला. थाप अशी: राक्षसांनी माणसांशी तह केलाय आणि आता ते मेलेल्यांना पुनर्जन्माला पाठवायचं खातं चालवतात. हे खातं अंतराळयानात आहे, यानाचं नाव पुष्पक 634 ए. रोज सकाळी मेलेली माणसं 'कार्गो' म्हणून येतात. त्यांचं सामान जमा करायचं, जखम बरी करायची, आठवणी पुसायच्या आणि पाठवून द्यायचं. बास. विक्रांत मॅसी त्या यानावर वर्षानुवर्षं एकटा ड्यूटी करणारा कर्मचारी आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर तालुक्याच्या ऑफिसातल्या जुन्या क्लार्कची सगळी शिस्त आणि सगळा कंटाळा आहे. श्वेता त्रिपाठी नवी असिस्टंट. पृथ्वीवरून पडद्यावर बोलणारे साहेब म्हणजे आपले नंदू माधव. यान कसलं, जुन्या बटणांचं, धुरकट, दुरुस्त करून करून चालवलेलं. मला ते केबिनसारखंच वाटलं. मेलेला माणूस खुर्चीत बसल्यावर पहिली गोष्ट काय विचारतो? घरी एक फोन करता येईल का. या प्रश्नासाठी कोट्यवधींचे इफेक्ट लागत नाहीत. मृत्यू, कर्म, पुनर्जन्म या सगळ्याला सरकारी खात्याचा शिक्का मारण्याची ही कल्पना हॉलिवूडला सुचणारच नाही. हिंदीतला माझा सगळ्यात आवडता विज्ञानपट हाच.

बाकीचे भराभर. 'गॉडझिला मायनस वन', 2023 चा जपानी. त्याचे 610 इफेक्ट शॉट फक्त 35 जणांच्या चमूने केले, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्टचे प्रमुख, आणि 2024 मध्ये ऑस्कर घेऊन गेले. राक्षस अक्राळविक्राळ आहे, पण रडू येतं ते युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणाऱ्या माणसासाठी. जरूर बघ. 'द क्रिएटर' दिसायला अप्रतिम आणि गोष्टीला पातळ. पण तुम्ही पोरांनी तो बघावाच, कारण तो सोनीच्या एफएक्स3 या कॅमेऱ्यावर चित्रित झालाय. जळगावात लग्नं शूट करणाऱ्यांच्या बॅगेत त्याच जातीचे कॅमेरे दिसतात. 'मिकी 17' मध्ये माणूस कामावर मेला की नवा छापतात, पुन्हा त्याच कामाला लावतात. रोजंदारी आणि ठेकेदारी पाहिलेल्याला पहिला तास झोंबतो. नंतर त्यातल्या खलनायक पुढाऱ्याची नक्कल लांबत जाते. 'एलियन: रोम्युलस' भीतीसाठी ठीक, नवीन काही नाही. 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया' मध्ये रोबो बाई घरात सून म्हणून येते, कल्पना झकास, पण घरच्यांना कळलं तर काय, एवढ्याच विनोदावर सिनेमा संपवला. आणि 'अवतार'चे पुढचे भाग पाण्यासाठी बघ, गोष्टीसाठी नको.

मराठीत काय, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. 2016 चा सुजय डहाके यांचा 'फुंतरू' सोडला तर पटकन नाव घ्यावं असं मोठ्या पडद्यावर मला आठवत नाही. आणि हे त्या भाषेत, जिथे जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. आद्याक्षरं उलटी केली होती, ज. वि. ना. चं ना. वि. ज. नारळीकर मे 2025 मध्ये गेले. त्यांच्या कथा घराघरात वाचल्या गेल्या, पण मराठी सिनेमावाल्यांनी त्या फारशा उचलल्या नाहीत. पैसे नाहीत हे कारण मी ऐकून घेत नाही. 'कार्गो' बघ म्हणालो ते म्हणूनच.

आता कुठे बघायचं. हा माझा प्रांत, आणि इथे मी कडू बोलणार. खानदेशात आयमॅक्स नाही, ते सोड. साध्या पडद्यावरही विज्ञानपट उत्तम दिसतो, फक्त दोन गोष्टी शाबूत पाहिजेत, दिवा आणि आवाज. 2डी सिनेमाला पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड पडला पाहिजे, हे प्रमाण ठरलेलं आहे. झेनॉन दिवा जुना झाला की उजेड उतरतो, आणि दिवा महाग, म्हणून मालक आणखी महिनाभर ढकलतो. हाणामारीच्या सिनेमात ते खपून जातं. अंतराळाच्या सिनेमात काळं आकाश राखाडी दिसतं आणि 'ड्यून'च्या रात्रीच्या प्रसंगात तर कोण बोलतंय तेच कळत नाही. 3डीला मुळातच उजेड कमी, चष्म्यातून आणखी घटतो. एका टॉकीजमध्ये 3डीची चकती लेन्सपुढून न काढताच पुढचे 2डी खेळ चाललेले मी पाहिलेत. पब्लिक म्हणतं, सिनेमाच अंधारा काढलाय.

आवाजाचंही तसंच. साउंड प्रोसेसरवर फेडरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाचा, आकडा असतो. सिनेमाचं मिक्सिंग 7 धरून केलेलं असतं. ट्रेलर फार मोठे लागतात, कोणीतरी तक्रार करतं, मग ऑपरेटर फेडर साडेचार-पाचवर आणतो आणि तो तिथेच राहतो. 'ड्यून'मध्ये किडा येण्याआधी जमिनीतून घुमणारा आवाज आहे. पोटात जाणवला तरच भीती वाटते, आणि साडेचारवर तो जाणवतच नाही. तेव्हा मध्यंतरात सरळ केबिनपर्यंत जा आणि नम्रपणे विचार, "दादा, फेडर जरा वाढवता का?" ऑपरेटरला असं विचारणारं कोणी भेटत नाही. बहुतेक खूश होऊनच वाढवेल.

मोबाईलवर चालतील असेही आहेत. विक्रमादित्य मोटवाने यांचा 'कंट्रोल' तर मोबाईल-लॅपटॉपवरच बघावा. एक मुलगी आपलं आयुष्य एआयच्या हवाली करते आणि बराचसा सिनेमा तिच्याच स्क्रीनवर घडतो, तो पन्नास फुटी पडद्यावर उगाच मोठा वाटेल. 'कार्गो' हेडफोन लावून घरी उत्तम. डबिंगचं म्हणशील तर 'ड्यून' हिंदीतून बिनधास्त बघ, त्यात बोलणं कमी आहे. 'इंटरस्टेलर' मात्र इंग्रजीत, खाली अक्षरं लावून.

राहिली तुमची शॉर्टफिल्म. जमेल का म्हणून काय विचारतोस? मालेगाव तुझ्यापासून किती लांब आहे? तिथे नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन, उसनवारी करून, हिरवा कपडा लावून आपला सुपरमॅन उडवला. त्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी केलेला 2008 चा माहितीपट आधी बघा, मग त्याच मंडळींवर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', जो फेब्रुवारी 2025 मध्ये लागला. पहिला जास्त चांगला आहे. आणि एकदा चाळीसगावला केकी मूस यांच्या कलादालनात जाऊन या, पाचोऱ्याहून रेल्वेने असं कितीसं लांब? टेबल-टॉप फोटोग्राफीत त्या माणसाचं नाव होतं. साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा पाडून, ते मोठ्या देखाव्याचा भास उभा करत. इंटरस्टेलरच्या यानांच्या काही दृश्यांसाठी मॉडेलंच वापरली होती, हे लक्षात ठेवा आणि मग सॉफ्टवेअरच्या मागे लागायचं की नाही ते ठरवा.

विषय अमेरिकेतून आणू नका. चाळीसगावजवळच पाटणादेवीला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची. आठशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या पायथ्याशी पोरं ग्रहणाचं गणित सोडवत बसली होती. त्यातल्या एकाचं उत्तर आज बरोबर येतंय, एवढी एक थाप घ्या. किंवा असं गाव घ्या जिथे बोअरला पाणी लागतं, पण ते उद्याचं असतं, आज प्यायलं की उद्या मिळत नाही. थाप कोणतीही घ्या, कागदावर एका वाक्यात लिहून कॅमेऱ्याच्या मागे चिकटवा. शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी कोणालातरी भन्नाट आयडिया सुचेल, तेव्हा ती त्या वाक्यात बसते का बघा. नाही बसली तर पुढच्या सिनेमाला ठेवा.

तापी किंवा गिरणेच्या कोरड्या पात्रात मे महिन्यात संध्याकाळी पाच ते सात शूट करा, परका ग्रह फुकटात मिळेल. ड्रोन आणि सरकारी जागा यांची परवानगी आधी काढा. दीपनगरच्या वीज केंद्राचे मनोरे लांबून घेतले तरी पुरे, आत जायचा हट्ट नको. आणि चित्रापेक्षा आवाजावर जास्त खर्च करा. हलणारं चित्र पब्लिक माफ करतं, न कळणारं बोलणं करत नाही. शक्य असेल तर गावातल्या माणसांना अहिराणीतच बोलू द्या, खाली मराठी अक्षरं टाका.

झाली की मला कळव. सकाळी पहिल्या खेळाच्या आधी एखादा पडदा मोकळा असतो, मालकाशी बोलून लावून देईन, म्हणजे मोबाईलवर न दिसलेल्या चुका तुम्हालाच दिसतील. फाइल सेकंदाला 24 फ्रेमवर काढ. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या सवयीने 25 वर काढलीस तर डीसीपी, म्हणजे टॉकीजला लागणारी डिजिटल फाइल, बनवताना आवाज आणि ओठ जुळवत मला बसावं लागेल.